थीम तक्त्यावरून खाली उतरू द्या

प्रति,
राज्यातील सर्व अंगणवाडी पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी यांस

विषय : तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी थीमनुसार उपक्रम घेण्याची आणि ते तपासण्याची पद्धत बदलण्याबाबत

सस्नेह नमस्कार.

अंगणवाडीत ‘पाणी’ ही थीम चालू असते तेव्हा बहुतेक ठिकाणी काय दिसतं? भिंतीवर तक्ता असतो. त्यावर नदी, विहीर, नळ, पाऊस. सेविकाताई छडीने एकेक चित्र दाखवतात आणि मुलं एका सुरात ‘नदी’, ‘विहीर’ म्हणतात. मग प्रत्येकाच्या हातात थेंबाचं छापील चित्र आणि निळा तेलखडू येतो. रंगवलेले वीस थेंब दोरीवर लटकतात, फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर जातो आणि थीम पूर्ण झाल्याची नोंद होते. आठवडाभर ‘पाणी’ शिकलेल्या त्या मुलांचे हात या सगळ्यात एकदाही ओले झालेले नसतात.

याचा दोष आम्ही सेविकांच्या माथी मारत नाही. भेटीला आलेला माणूस जे बघतो तेच जपलं जातं. तक्ता, फोटो आणि रंगवलेला कागद बघितला जातो, म्हणून तेच तयार होतं. त्यामुळे हे पत्र सेविकांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहोत. मागणं एकच आहे. थीम म्हणजे मुलांना सांगायचा विषय, असं धरू नका. थीम म्हणजे मुलांच्या हातात दोन-तीन आठवडे सलग राहणाऱ्या खऱ्या वस्तू, असं धरा. आणि अंगणवाडीत पाऊल टाकल्यावर आधी मुलांचे हात बघा, भिंत नंतर.

कागदावर याला कुठेही आडकाठी नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा पायाभूत स्तर मानला. २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा खेळालाच शिकण्याच्या मध्यभागी ठेवतो. आपल्या राज्याचा ‘आकार’ हा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम आहे, केंद्राचा ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम २०२४ मध्ये आला. आणि ही वाट आपल्याकडे नवीही नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या, १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीपर्यंत पोचत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी बिया, शिंपले, खडे, पानं, माती आली. अंगणवाड्या ज्या योजनेतून आल्या ती एकात्मिक बालविकास सेवा योजना बोर्डीच्या केंद्रानंतर तीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. म्हणजे आम्ही जे मागतो आहोत, ते अंगणवाडीच्या नावातच आहे.

एक थीम जवळून बघू. ‘बी’ घ्या. ती जूनच्या शेवटी किंवा जुलैत घ्यावी, कारण तेव्हा घरोघर पेरणीची बोलणी चालू असतात आणि मुलाच्या कानावर सकाळ-संध्याकाळ बियाणं, वाफसा, कोंब हे शब्द पडत असतात. तीच थीम डिसेंबरात घेतली तर घरून काहीच साथ मिळत नाही.

पहिले दोन दिवस गोळा करण्याचे. प्रत्येक मुलाने घरून मूठभर बी कागदाच्या पुडीत आणायचं. ज्वारी, बाजरी, मका, हरभरा, मटकी, वाल, चवळी, भोपळा, जे घरात असेल ते. मोठ्या माणसाच्या एकेका मुठीतून वीस मुलांमागे किलोभर माल सहज जमतो. आहाराच्या साठ्यातलं धान्य यासाठी घेऊ नये, हिशेब बिघडतो आणि मग सेविका पुन्हा कधी असं काही करायला धजत नाही.

पालकांना दोन गोष्टी आधीच, तोंडी आणि स्पष्ट सांगाव्या लागतात. पहिली, पेरणीसाठी दुकानातून आणलेल्या पिशवीतलं बियाणं अजिबात पाठवायचं नाही. त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं, बहुधा लाल-गुलाबी रंग दिलेला असतो, आणि मुलांचं मन नेमकं त्या रंगावरच जातं. दुसरी, गुंज, एरंड, मोगली एरंड, धोतरा आणि पिवळी कण्हेर यांच्या बिया विषारी आहेत. गुंज कितीही गोजिरी दिसली तरी ती अंगणवाडीच्या दारातही नको. पुड्या उघडताना सेविकेने स्वतः एकेक पुडी बघायची, हे काम मदतनिसांवर किंवा मोठ्या मुलांवर सोडायचं नाही.

तिसरा धोका नाकाचा. हरभरा, वाटाणा, शेंगदाणा मुलं नाकात घालतात आणि तिथल्या ओलाव्याने तो दाणा फुगतो. घशात अडकण्याची भीती तर आहेच. म्हणून तीन वर्षांच्या मुलांच्या परातीत पाण्याच्या बाटलीच्या टोपणात मावेल अशी कुठलीच वस्तू ठेवू नये. त्यांना आंब्याच्या वाळलेल्या कोयी द्या, आंबे नुकतेच संपलेले असतात, कोयींना तोटा नाही. गुलमोहराच्या लांब शेंगा द्या, त्या खुळखुळतात. बारीक बियांची परात जिथे मोठं माणूस बसलं आहे तिथेच. धाकटं भावंड सोबत आलं असेल तर ती परात उचलून वर ठेवायची.

आता मांडणी. वीस-पंचवीस मुलांना पाच पसरट पराती, प्रत्येकीत पाव किलोच्या आसपास मिसळलेल्या बिया, एकेका परातीभोवती चार-पाच मुलं. शेजारी रिकाम्या वाट्या, दोन-तीन चमचे, एका परातीपाशी धान्याची चाळण, दुसरीपाशी लहान सूप. खाली पोतं किंवा चादर, म्हणजे सांडलेलं गोळा करायला दोन मिनिटं पुरतात. बस. ‘वेगळं करा’ असं सांगायचं नाही. रिकाम्या वाट्या शेजारी असल्या की वेगळं करणं आपोआप सुरू होतं, आणि ते कशावरून करायचं हे मूल स्वतः ठरवतं. कुणी रंगावरून, कुणी मोठं-लहान, कुणी गुळगुळीत आणि खरखरीत, कुणी ‘आमच्याकडे आहे’ आणि ‘आमच्याकडे नाही’. शेवटची वाटणी सेविकेला चुकीची वाटते, कारण मार्गदर्शिकेत रंग आणि आकार एवढंच दिलेलं असतं. पण वर्गीकरण म्हणतात ते हेच. मुलाने निकष शोधला, तो मनात धरला आणि शेवटपर्यंत पाळला. निकष आपण सांगितला की त्यातलं शोधण्याचं काम संपतं, नुसती हमाली उरते.

चाळणीपाशी जास्त वेळ द्या. ज्वारी आणि हरभरा मिसळून ठेवलेला असला आणि चाळण अशी निवडली की ज्वारी खाली पडेल, हरभरा अडकेल, तर पहिल्यांदा ते घडतं तेव्हा मूल थांबतं. चाळण उलटी करून भोकं बघतं. भोकावर हरभऱ्याचा दाणा ठेवून दाबून बघतं. मग पुन्हा सगळं मिसळतं आणि पुन्हा चाळतं, दहा-दहा वेळा. बघणाऱ्याला हा टाइमपास वाटतो, आणि नेमक्या याच क्षणी ‘चला, आता गोलात बसा’ अशी हाक येते. ती हाक थांबवणं तुमच्या हातात आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

अंगणवाडीत तीन, चार आणि पाच वर्षांची मुलं एकाच खोलीत असतात, म्हणून तीन वेगळे उपक्रम आखावेत असं प्रशिक्षणात सांगितलं जातं. एकट्या सेविकेला ते रोज झेपत नाही. खरं तर गरजही नाही. साहित्य तेच राहू द्या (तीन वर्षांच्या मुलांना वर सांगितलेली मोठ्या वस्तूंचीच परात), फक्त प्रत्येक वयाची गरज वेगळी. तीन वर्षांचं मूल ओतेल, भरेल, सांडेल, हात खुपसून बसेल, ते त्याला हवंच आहे. चार वर्षांचं दोन-तीन वाट्यांत वेगळं करेल. पाच वर्षांच्या मुलाला ‘एक वाल, दोन मके, एक वाल, दोन मके’ अशी माळ जमिनीवर मांडून अर्धवट सोडून द्या, पुढे काय येईल ते तो मांडतो. एका वाटीत किती चिंचोके मावतात याचा आधी अंदाज, मग मोजणी. अंदाज चुकला तरी तो पुसायचा नाही, शेजारी खरा आकडा लिहायचा.

दुसऱ्या आठवड्यात बी रुजवणं. इथे बहुतेक ठिकाणी मोठी चूक होते. सेविकाताई घरीच मटकी भिजवतात, मोड आलेली वाटी आणून दाखवतात आणि मुलं ‘मोड’ हा शब्द शिकतात. मुलांनी बघायला हवी होती ती मधली दोन रात्रींची वाट, तीच गाळली जाते.

याची रीत अशी. पारदर्शक प्लॅस्टिकचे पेले घ्या, दोन मुलांत एक. काच नको. आतून जुन्या सुती साडीची किंवा धोतराची दुहेरी पट्टी गोल बसवा. वर्तमानपत्राचा कागद स्वस्त पडतो, पण दुसऱ्या दिवशी त्याचा लगदा होतो आणि बिया खाली घसरतात. पेल्याची भिंत आणि कापड यांच्यामध्ये, काठापासून दोन बोटं खाली, चार बिया सरकवा, म्हणजे बाहेरून दिसतील. तळाला एक बोट पाणी, बिया त्यात बुडता कामा नयेत, कापड पाणी वर ओढून घेतं. पेल्यावर मुलाची खूण, नाव नको, वाचता कुणाला येतं? पान, चप्पल, सूर्य अशी त्याने निवडलेली खूण.

बिया सोमवारी सकाळी भिजत घाला आणि मंगळवारी पेल्यात भरा. मटकीला दुसऱ्या दिवसापर्यंत मोड दिसतो, मेथीला त्यानंतर एखाद-दोन दिवसांत, मका आणि वाल चार-पाच दिवस घेतात. गुरुवारी सुरू केलं तर रविवारी खोली बंद, पाणी आटतं, बी वाळतं आणि सोमवारी मुलांच्या हाती निराशा येते. जुलैच्या दमट हवेत याच्या उलट होतं. रोज प्रत्येक मूल प्रेमाने पाणी घालतं, पेला भरतो, बी कुजतं आणि वास सुटतो. म्हणून पाणी घालायला मोठी बाटली देऊ नका, औषधाच्या बाटलीचं झाकण द्या आणि दिवसाला एकच झाकण ठरवा. पेले रात्री उघडे ठेवले तर उंदीर बिया नेतात, वर टोपली पालथी घालून तिच्यावर दगड ठेवावा.

आता यातला सर्वांत मोलाचा भाग. दोन पेले रिकामे राखून ठेवा आणि मुलांना विचारा, ‘यात काय पेरायचं?’ मुलं तूरडाळ सुचवतात, भाजलेला शेंगदाणा सुचवतात, खडा, मणी, कधी गोळीही. सगळं पेरू द्या. ‘डाळीला मोड येत नाही’ असं कुणीही सांगायचं नाही, भेटीला आलेल्या पाहुण्यांनीही नाही. प्रत्येकाला काय वाटतं ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या. चार-पाच दिवसांनी डाळीला वास येतो, भाजलेल्या दाण्यावर बुरशी चढते, खडा तसाच असतो, आणि शेजारच्या पेल्यातल्या कच्च्या शेंगदाण्याला मात्र मोड आलेला असतो. आता प्रश्न मुलांकडून येतात. ‘हा पण दाणा, तो पण दाणा, मग?’ ‘डाळ अर्धी आहे म्हणून?’ पाच वर्षांचं मूल अखंड तूर आणि डाळ शेजारी ठेवून बघायला लागतं तेव्हा त्याला ‘विज्ञान’ हा शब्द सांगायची गरज नसते.

आणखी एक गंमत आहे. मोड दोन-तीन सेंटिमीटर लांब झाला की एक पेला आडवा ठेवा, बिया पडू नयेत म्हणून कापड घट्ट करून. दोनेक दिवसांत मुळाचं टोक वळून पुन्हा खाली जायला लागतं. पेला परत उभा केला तर तेही पुन्हा वळतं. मुलं याला ‘मुळाला माहीत असतं’ असं म्हणतात. ते वाक्य तसंच लिहून ठेवा.

तिसऱ्या आठवड्यात नवं काही आणायचं नाही. त्याच बिया जमिनीत लावा, त्याच बिया काढून कागदावर चित्र काढा, मदतनीसताईंनी उसळ केली तर मोड आलेली मटकी शिजण्याआधी आणि शिजल्यानंतर हातात द्या. तिसऱ्या आठवड्यातली चित्रं पहिल्या आठवड्यातल्या चित्रांपेक्षा किती वेगळी असतात हे बघण्यासारखं असतं. आधी नुसते गोल ठिपके, नंतर ठिपक्याला शेपटी, आणि एखाद्या चित्रात पेला, कापड आणि पाण्याची रेघसुद्धा. दर सोमवारी नवी थीम लावली तर हा तिसरा आठवडा येतच नाही. आमच्या मते ही आठवड्याची पद्धतच पहिली बंद व्हायला हवी.

‘पाणी’ याच वाटेने न्यायचं असेल तर साहित्य आणखी सोपं. चार प्लॅस्टिकची घमेली, प्रत्येकात चार बोटं पाणी, त्याहून खोल नको. तळाशी आणि मध्यावर खिळ्याने भोकं पाडलेल्या बाटल्या, बाटलीचा वरचा भाग कापून केलेलं नरसाळं, स्पंज, करवंट्या, लिंबू, वांगं, बटाटा, गाजर, चिंचोका, खिळा, लाकडाचा तुकडा, स्टीलची वाटी. कापलेल्या प्लॅस्टिकच्या कडा मेणबत्तीवर फिरवून बोथट करून घ्याव्यात. लिंबू आणि वांगं तरंगतं, बटाटा आणि गाजर बुडतं, म्हणजे ‘जड बुडतं, हलकं तरंगतं’ हे मुलांनी काढलेलं पहिलं अनुमान थोड्याच वेळात डळमळतं, कारण वांगं चिंचोक्यापेक्षा कितीतरी जड असतं. स्टीलची वाटी सरळ ठेवली तर तरंगते, कलंडली की बुडते. डोळ्याला भोक पडलेली करवंटी आधी तरंगते आणि हळूहळू भरून खाली जाते. हे ओट्यावर किंवा अंगणात करायचं, खाली पोती पसरायची, थंडीत करायचं नाही, पिण्याचं पाणी वेगळं आणि झाकलेलं, आणि खेळ संपताच घमेली तिथल्या तिथे रिकामी. भरलेली बादली कोपऱ्यात ठेवून वळणं ही लहान मुलांच्या बाबतीत जीवघेणी चूक आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एक जुनी समज आहे. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केलं, तिथल्या साधनांचं वैशिष्ट्य हे की चूक साधनच दाखवतं. दट्ट्यांच्या पेटीत दहा दट्टे आणि दहा खाचा. एक दट्टा चुकीच्या खाचेत गेला तर शेवटी एक उरतो, बसतच नाही. बाईंनी ‘चुकलं’ म्हणावं लागत नाही. ती पेटी विकत घ्यायची गरज नाही. ‘बाजार’ या थीमसाठी तराजू करा. हातभर सरळ काठी, बरोबर मध्ये दोरी, दोन टोकांना सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी टांगलेल्या दोन करवंट्या. बहुतेक वेळा रिकामा तराजूच एका बाजूला झुकतो, कारण करवंट्या सारख्या वजनाच्या नसतात. मोठ्या माणसांना तो घाईने दुरुस्त करून द्यावासा वाटतो. देऊ नका. शेजारी मातीचा गोळा ठेवा. वरच्या करवंटीला थोडी माती चिकटवली की काठी सरळ होते, हे मुलांना एक-दोन दिवसांत सापडतं, आणि तराजू म्हणजे काय ते तिथेच कळतं.

आता तुमच्या हातात काय आहे ते लिहितो.

वेळ. या कामाला रोज सलग पाऊण तास लागतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं मुलं नुसती चाचपतात, सांडतात, दुसऱ्याचं ओढतात. बाहेरून आलेल्याला हा गोंधळ दिसतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. वेळापत्रकात दर पंधरा मिनिटांनी उपक्रम बदलत असेल तर मूल कायम पहिल्या पंधरा मिनिटांतच राहतं. शिवाय या पाऊण तासात सेविकेचा मोबाइल पिशवीत असायला हवा. ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाइल ॲपवरची नोंद, वजन-उंची, घरी न्यायच्या आहाराचं वाटप, सर्वेक्षण हे सगळं तिच्याच गळ्यात आहे, आणि मदतनीस त्याच वेळी चुलीपाशी असते. तो पाऊण तास कुणीही फोन करणार नाही, माहिती मागवणार नाही, एवढं बीट पातळीवर, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटात, ठरवता येतं. त्याला शासन निर्णय लागत नाही.

संच. पूर्वशालेय शिक्षणाचा संच कित्येक अंगणवाड्यांत कपाटात, प्लॅस्टिकसकट बंद असतो. ‘हरवलं तर भरून द्यावं लागेल’ ही भीती खोटी नाही. मण्यांच्या डब्यातले चार मणी कमी झाले तर ते वापराचं लक्षण आहे, असं तुम्ही लेखी द्या. तुटफुटीची एक साधी वही ठेवू द्या. आणि जड साठा (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत दोन वर्षं जशाच्या तसा असलेला संच दिसला तर त्याबद्दल विचारा, पण रागावून नव्हे. भीती आहे म्हणून तो बंद आहे.

भाषा. मेळघाटातल्या मुलाला बीचं कोरकू नाव माहीत असतं, गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी, पालघरमध्ये वारली, सातपुड्यात पावरी. ते नाव आधी येऊ द्यावं, मराठी नाव त्याच्या शेजारी बसेल. तक्त्यावर बोट ठेवून ‘हे काय?’ विचारलं की उत्तर एकच असतं आणि ते मराठीतच अपेक्षित असतं. परातीपाशी ‘तू काय केलंस?’, ‘आता काय होईल असं वाटतं?’ विचारता येतं. विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजून थांबायचं. शांतता सहन होत नाही म्हणून बहुतेक मोठी माणसं दुसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देऊन टाकतात.

दिनदर्शिका. राज्यभर एकाच महिन्यात एकच थीम लावू नका. कोकणात जुलैत भात लावणी असते, मराठवाड्यात सोयाबीन आणि कापूस उगवून वर आलेला असतो. गोंदिया-गडचिरोलीत मोहफुलं मार्च-एप्रिलात पडतात, ती वेचायला मुलं आईबरोबर पहाटे जातात, तीच तिथली थीम. पळस फुलला की त्याच्या फुलांचा रंग. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं दिवाळीनंतर गावात नसतात, त्यामुळे ज्या थीमला घरचं साहित्य लागतं ती तिथे पावसाळ्यातच उरकावी. थीमची यादी राज्याने द्यावी, क्रम बीटने ठरवावा.

पालक. शेजारी इंग्रजी माध्यमाची नर्सरी आहे आणि तिथल्या मुलाची वही ए-बी-सी-डीने भरलेली आहे, म्हणून आपल्याही मुलाची भरावी असं आईला वाटतं. तिची काळजी मनापासूनची आहे, ती झिडकारू नका. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडं अजून पूर्ण घडलेली नसतात, बोटांची पकड तयार होत असते. चिमटीत बी उचलणं, चमच्याने न सांडता ओतणं, माळ ओवणं ही पेन्सिलीचीच तयारी आहे. पण हे सभेत सांगून पटत नाही. पालक सभेत परात पुढ्यात ठेवा, आईला मुलाशेजारी बसवा आणि वीस मिनिटं काहीही बोलू नका. नंतर वहीतली मुलांची वाक्यं वाचून दाखवा. स्वतःच्या मुलाचं वाक्य ऐकल्यावर आया विचारायला लागतात.

आणि भेट. भेटीच्या वेळी पाच गोष्टी बघा, अशी विनंती आहे. साहित्य दोन फुटांच्या उंचीच्या आत, मुलाला स्वतः घेता येईल असं आहे का? या क्षणी किती मुलांच्या हातात काहीतरी आहे? भिंतीवरची चित्रं एकमेकांपेक्षा वेगळी आहेत का? वीसच्या वीस सारखी असतील तर ती सेविकेने सांगून तशी काढवून घेतलेली आहेत. वहीत मुलांची वाक्यं मुलांच्या शब्दांत आहेत का? आणि जमिनीवर काही सांडलं आहे का? झाडून लख्ख केलेली, हाताची घडी घालून बसलेल्या मुलांची खोली बघून आनंद वाटणं आपण सोडायला हवं. तुम्ही आलात म्हणून मुलांना उभं करून नमस्ते म्हणायला लावू नका, गाणं म्हणून दाखवायला लावू नका. कोपऱ्यात खाली बसा आणि दहा मिनिटं एकाच मुलाकडे बघा. काय बघितलंत ते चार ओळींत लिहून सेविकेला द्या. ते शेऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

सुरुवात लहान करता येईल. प्रत्येक बीटमधली एक अंगणवाडी, एक थीम, तीन आठवडे. त्या महिन्याची बीट बैठक कार्यालयात न घेता त्याच अंगणवाडीत घ्या, आणि पहिला अर्धा तास सेविकांपुढे पराती आणि चाळणी ठेवा, सूचना काहीच देऊ नका. सेविकांना आधी स्वतः शोधायला मिळालं तर मुलांना शोधू देणं त्यांना सोपं जातं. तुम्हीही त्यांच्याबरोबर खाली बसा. बोलावलंत तर बिया, कापडाच्या पट्ट्या आणि पेले आम्ही घेऊन येऊ. तुम्ही फक्त तेवढा वेळ फोन बंद ठेवायला सांगा.

कळावे,
आपले,
बालशिक्षणाच्या कामातले काही प्रशिक्षक आणि शिक्षक